दात उजळले, सिमेंट कधी भरायचं?



लगनसराई जवळ आली की आमच्या इंदूरच्या पलासियात दात उजळवून घेणाऱ्यांची गर्दी वाढते. नवरा-नवरी तर असतातच, हल्ली विहीणबाईही मागं राहत नाहीत. ब्लीचिंग होतं, आरसा हातात येतो आणि समोरच्या दातातलं जुनं सिमेंट पिवळं दिसायला लागतं. दात उजळतो, सिमेंट उजळत नाही. मग आग्रह सुरू होतो, "डॉक्टर, आलोच आहोत तर तेही आजच बदला ना, परवा हळद आहे!"

आज नको, असं मी का म्हणते ते सांगते.

दवाखान्यातल्या ब्लीचिंगसाठी बहुधा ३५ टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. डाग काढून झाल्यावरही त्याचा ऑक्सिजन काही दिवस दाताच्या बारीक छिद्रांत मुरून राहतो. दाताच्या रंगाचं सिमेंट, म्हणजे कंपोझिट, निळ्या प्रकाशाखाली कडक होतं आणि ऑक्सिजनशी त्याचं हाडवैर. दातात रुतणारे त्याचे सूक्ष्म धागे मग आखूड, तुटके राहतात. वरून काम झकास दिसतं; पुढं कधीतरी कडेला काळी रेघ उमटते, नाहीतर तुकडाच हातात येतो.

दोन आठवडे थांबलं की ऑक्सिजन निघून जातो. शिवाय ब्लीचिंगच्या वेळी कोरडा पडलेला दात आधी जरा जास्तच पांढरा दिसतो. रंग स्थिरावला की सिमेंटची छटाही नीट जुळते.

घाईच असेल तर अँटिऑक्सिडंट कामी येतं. सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्वाचा क्षार, त्याचं १० टक्के द्रावण दहा मिनिटं लावून धुतलं की पकड बरीच परत येते, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण ते ताजंच बनवावं लागतं, हवेत लवकर बिघडतं. म्हणून संशोधक वनस्पतींकडे वळले: द्राक्षाच्या बिया, डाळिंबाची साल, ग्रीन टी. त्यात द्राक्षबियांच्या अर्काचे निकाल विशेष चांगले आहेत. मात्र नाशिक-तासगावची आपण खातो ती द्राक्षं बहुतेक बिनबियांची. बिया मिळतात त्या वाइनच्या द्राक्षांतून. आणि गंमत पाहा, हा अर्क तपकिरी! छप्पन दुकानच्या चहाने दातांवर डाग पाडणारी जी पॉलिफेनॉलं, त्यांच्याच गोतावळ्यातला. नीट धुतला नाही तर उजळलेल्या दातावर पुन्हा छटा चढू शकते. शिवाय यातले बहुतेक प्रयोग काढलेल्या दातांवर, प्रयोगशाळेत झालेले आहेत. त्यामुळे माझं मत अजून दोन आठवड्यांच्याच बाजूचं आहे.

घरी डाळिंबाची साल वाटून दातांना चोळू नका, त्याने यातलं काहीच साधत नाही. ब्लीचिंग लग्नाच्या महिनाभर आधी करा. आणि सिमेंट भरायला दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणार असाल, तर ब्लीचिंगची तारीख त्यांनी विचारण्याआधीच सांगा.