बोटभर रणगाडा



१ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांच्या नेतृत्वाखाली सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे झोजी ला खिंडीत चढले. त्यांपैकी एकाची प्रतिकृती मी एकास बहात्तर प्रमाणात करावयास घेतली. या प्रमाणात सहा फुटी जवान इंचभर होतो!

हाताशी संच होता तो आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेल्या जुन्या स्टुअर्टचा. मनात आले, वर बर्फ भुरभुरला की कोणाला कळणार? परंतु झोजी लाचा स्टुअर्ट नंतरच्या घडणीचा. त्याचे समोरचे चिलखत तिरपे. दोन कॅडिलॅक इंजिनांसाठी मागची पाठ उंचावलेली. संच बाजूला ठेवला.

पुढे वाचताना कळले की, शत्रूला सुगावा लागू नये म्हणून हे रणगाडे तोफबुरूज उतरवून आणले होते, आणि बालतालपासूनची वाट मद्रास सॅपर्सनी गाडीजोगी केली होती. ती वाट न दाखवावी, तर पाहणाऱ्या मुलाला वाटेल, रणगाडा आपोआपच वर गेला. ज्यांनी दगड फोडले, त्यांचे श्रम माझ्या आळसाने पुसले जातील.

म्हणून मी आधी वाट केली, रणगाडा मागाहून.