घर बघायला आपण जाऊ

(अमरावती येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आयोजकांनी ‘स्त्रिया आणि मालमत्ता’ या विषयावर बोला म्हणून सांगितलं. कायद्यावर बोलायला आज इथे दोन वकील मैत्रिणी आहेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली रिटायर मास्तरीण. मी भिंतींवर बोलणार आहे. भेगा, ओल, लोणा, तुंबणारा संडास. हसू नका. मालमत्ता मालमत्ता म्हणून आपण जे बोलतो, ते शेवटी चार भिंती आणि एक छत असतं, आणि त्यात दिवसाचे चोवीस तास कोण असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

१९८८ साली आम्ही अकोल्याला गावाबाहेरच्या एका नव्या ले-आउटमध्ये घर घेतलं. ‘आम्ही’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. बघायला माझे यजमान, थोरले दीर आणि दलाल असे तिघे गेले. वैशाखातल्या दुपारी गेले, अर्ध्या तासात परत आले, चहा झाला आणि इसार ठरला. त्यात माझ्या भविष्य निर्वाह निधीचं कर्ज होतं, माझ्या आईनं दिलेल्या पाटल्या होत्या. मी घर पहिल्यांदा पाहिलं ते वास्तुशांतीच्या दिवशी, पाटावर बसताना. तेव्हाही माझ्या मनात प्रश्न आला नाही की मला आधी का नेलं नाही. न्यायचं असतं हेच माहीत नव्हतं.

श्रावणात समोरचं दार लागेना. सुताराला बोलावून रंधा मारला. दिवाळीनंतर तेच दार सैल झालं, कडी बसेना. उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली आणि तिरपी वर चढत गेली. पुढच्या पावसाळ्यात ती मिटली, उन्हाळ्यात पुन्हा उघडली. मी शाळेत मुलांना शिकवायची, वऱ्हाडची काळी माती कापसाला उत्तम, ती पाणी धरून ठेवते. पाणी धरते म्हणजे फुगते, आणि वाळली की आक्रसते, हे मला पुस्तकात नव्हे, माझ्या दारात कळलं. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना? तीच जमीन घराखाली असते. पाया त्या मातीतच थांबवला असेल तर घर दरवर्षी वर-खाली होतं. मुरुमापर्यंत खोदून पाया घेतला, किंवा खाली पाइल घेऊन वर बीम टाकला, तर ते टिकतं. म्हणून आपल्याकडे घर बघायला गेलात की पहिला प्रश्न हा विचारायचा: मुरूम किती फुटांवर लागला होता? विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर शेजारी ज्याचं बांधकाम चालू आहे त्याच्या मिस्त्रीला विचारा. तो सांगतो.

दुसरी गोष्ट लोणा. अकोल्याच्या उत्तरेला अकोट, तेल्हारा, इकडे दर्यापूर, हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. आमच्या घराचं बांधकाम जवळच्या बोअरच्या पाण्यानं झालेलं होतं, ते पाणी खारट होतं. सिमेंटात तेच पाणी कालवलं, भिंतीवर तेच मारलं. शिवाय जोत्यात ओल अडवणारा थर घातला नव्हता. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं विटांमध्ये पाणी चढतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. तीन-तीन फुटांपर्यंत पांढरी बुरशी यावी तसा थर यायचा आणि हात लावला की पोपडे पडायचे. मी रोज सकाळी ते झाडून काढायची. सासूबाई म्हणायच्या, घर झटकत राहाते ही. खाऱ्या पाण्यानं आतलं लोखंडही गंजतं. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचं सिमेंट ढकलून देतं. स्लॅबला खालून तांबूस रेघा दिसल्या, गच्चीखालचं प्लॅस्टर फुगलेलं दिसलं, तर ते रंगाचं काम नाही, ते लोखंडाचं दुखणं आहे.

१९९९ साली यजमान गेले. खरेदीखत त्यांच्या एकट्याच्या नावावर. मृत्युपत्र नव्हतं. मी, माझी मुलगी आणि सासूबाई, तिघी सारख्या वारस. हिंदू वारसा कायद्यात आईचा वाटा आहे, आणि तो असावाच, तीही बाईच. पण सासूबाईंच्या वाट्यामागे दीर उभे होते. पाटल्या कोणाच्या होत्या, कर्ज कोणाच्या पगारातून कापलं जात होतं, याचा कागद नव्हता. २००१ मध्ये घर विकायचं ठरलं.

आता जे सांगते ते मी आजवर सभेत सांगितलेलं नाही. दिरांनी मिस्त्री आणला. त्यानं भेगांमध्ये लांबी भरली, खालच्या तीन फुटांवर टाइल्स बसवल्या, वर गुलाबी डिस्टेंपर मारला. जिथे छत ठिबकायचं तिथे मी स्वतःच्या हातानं कॅलेंडर टांगलं. गिऱ्हाईक उन्हाळ्यातच बोलावलं. नवरा, त्याचा भाऊ आणि दलाल आले. बाई आली नाही. मला पैशाची निकड होती, मुलगी कॉलेजात होती, मी गप्प बसले. ती बाई मला पहिल्यांदा दिसली ती रजिस्ट्रीनंतर किल्ली घ्यायला आली तेव्हा. तिनं भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “किती छान ठेवलंय बाई तुम्ही घर.”

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक. मला हे पुढे कळलं. कळलं असतं तर सांगितलं असतं का? मला खात्री नाही. पण त्या कायद्यातली ‘साधी काळजी’ ही आपण नीट समजून घेतली पाहिजे. जे डोळ्याला दिसण्यासारखं होतं ते तुम्ही पाहिलं नाही, तर कायदा तुमच्या बाजूनं उभा राहीलच असं नाही. म्हणून बघायला शिकायचं. आणि खोटं कुठे लपवतात ते मला चांगलं माहीत आहे, कारण मी लपवलेलं आहे.

रिटायर झाल्यावर मी लेकीजवळ अमरावतीला आले आणि २०११ साली माझ्या पैशानं, माझ्या नावानं घर घेतलं. त्याआधी अकरा घरं पाहिली. माझ्या पिशवीत एक गोटी, एक रुपयाचं नाणं, विजेरी, पाण्याची बाटली, पेन्सिल. दलाल मला ‘गोटीवाल्या बाई’ म्हणायचे.

गोटी फरशीवर ठेवायची. एका खोलीत ती कोपऱ्याकडे धावली तर त्या बाजूला जमीन खचली आहे का ते बघायचं. नाणं फरशीवर आणि भिंतीवर टकटक वाजवायचं. भरीव आवाज ठीक, बद्द आवाज आला तर आत पोकळ आहे. पाण्याची बाटली न्हाणीत ओतायची आणि पाणी जाळीकडे जातं की दाराकडे ते बघायचं. मी हे करत असताना एका घरमालकांनी मला विचारलं, “ताई, तुमच्याबरोबर कोणी माणूस नाही का?”

भेगांचं सांगते. प्रत्येक भेगेला घाबरू नका. प्लॅस्टरवर केसासारख्या रेघा सगळ्याच घरांत असतात. पण दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी, खाली बारीक आणि वर रुंद, भिंतीच्या आत आणि बाहेर एकाच जागी दिसणारी भेग असेल, आणि नाणं उभं आत जात असेल, तर इंजिनिअरला पैसे देऊन दाखवा. सौदा लांबला असेल तर भेगेवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहा. पट्टी फाटली तर भेग जिवंत आहे. दारांच्या वरच्या कडा हातानं चाचपा. नुसत्या एकाच दाराला रंधा मारलेला असेल तर का, ते विचारा. घराच्या भिंतीला चिकटून मोठं झाड आहे का, भिंतीलगत बगिचा करून तिथे रोज पाणी सोडतात का, हेही बघा. झाड उन्हाळ्यात मुळाजवळची माती कोरडी करतं, बगिचा ती ओली ठेवतो. एका बाजूला माती फुगते, दुसऱ्या बाजूला आक्रसते, आणि मधे घर.

एकाच भिंतीला नवा रंग असेल तर ती भिंत बघा. कॅलेंडर, देवाचे फोटो, कपाट हलवायला सांगा. लाजायचं नाही. (देवाचा फोटो हलवायला कोणी नको म्हणालं तर त्या फोटोमागे नक्की बघा.) खिडकीखाली ओल दिसली तर लगेच नाक मुरडू नका, आपल्याकडे प्रत्येक खिडकीत कूलर असतो आणि कूलर गळतो. पण न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला, छताच्या कोपऱ्यात, विजेच्या बोर्डाच्या स्क्रूवर गंज, ही खरी ओल. लाकडी चौकट खालून ठोकून बघा, उधई लागलेली असेल तर बोट आत जातं.

आणि संडास. काळी माती पाणी पीत नाही. शोषखड्डा उन्हाळ्यात बरा चालतो, पावसाळ्यात माती गच्च भरली की पाणी जायला जागा नसते, ते उलटं येतं. हे वैशाखात कोणालाही दिसणार नाही. मलाही दिसलं नव्हतं. नवव्या घराचा मी इसार देणारच होते. बाहेर पडले तर शेजारची बाई अंगणात गहू निवडत होती. पाणी मागितलं, बसले. ती हळूच म्हणाली, “बाई, थे घर नोका घेऊ. पावसायात त्याचा संडास भरते, अन् वास आमच्या घरात येते.” इंजिनिअरची फी वाचली असं मी म्हणणार नाही, पण घर वाचलं.

तेव्हापासून माझा नियम आहे, घर तीन वेळा बघायचं. एकदा भर दुपारी, पश्चिमेच्या खोलीत भिंतीला हात लावून, कारण मे महिन्यात त्याच खोलीत कोणीतरी बाळंतीण किंवा म्हातारी झोपणार असते. एकदा पावसात, किंवा पाऊस उघडल्याबरोबर. आणि एकदा नळाला पाणी येण्याच्या वेळी. पाणी किती दिवसांआड येतं हे शेजारणींना विचारा, मालकाला नको. बोअरच्या पाण्यात डाळ शिजते का, साबणाला फेस येतो का, हे विचारा. नदीनाल्याजवळ घर असेल तर जिन्याखाली, कपाटाच्या आतल्या बाजूला पाण्याची रेघ शोधा. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात मोर्णेचं पाणी किती घरांत शिरलं होतं ते तुम्ही पाहिलं आहे. रंग बाहेरून मारतात, कपाटाच्या आतून कोणी मारत नाही.

आपल्या आज्या धाब्याच्या घरात राहायच्या. त्या भिंतींना पोतेरा त्यांनीच घातलेला. कुठे माती सुटली, कुठे उंदरानं पोखरलं, हे त्यांच्या हाताला माहीत असायचं. सिमेंट आलं आणि घर बघणं हे पुरुषांचं काम झालं. आपल्या हातातलं ज्ञान गेलेलं नाही, त्याला कोणी विचारत नाही इतकंच.

कागदाचं थोडक्यात, कारण पुढे वकील बोलणार आहेत. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून दिलेलं घर म्हणजे घर नव्हे, खरेदीखत नोंदणीकृत हवं. नुसत्या मुखत्यारपत्रावरच्या विक्रीनं मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. सात-बारा किंवा आखीव पत्रिका मागा, जमीन अकृषक आहे का, नझुलची आहे का, प्लॉट गुंठेवारीतला असेल तर २००१ च्या कायद्याखाली नियमित झाला आहे का, हे बघा. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटना त्यात घेतलं आहे, पण ‘होऊन जाईल’ आणि ‘झालं’ यांत फरक आहे. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेत असाल तर रेराखाली ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामाचा दोष त्यानं फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. जुनं घर माणसाकडून घेताना तो आधार नाही.

आणि नाव. १९८९ साली याच अमरावतीत शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं होतं. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावागावांतल्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. आज नावामागे वेगळं कारण आलं आहे. १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. पुरुषाला पंधरा वर्षं विकायचं नाही ही अटही २०२३ मध्ये काढली. त्यामुळे दलालच सांगतात, वहिनींच्या नावे घ्या. एका टक्क्यासाठी का होईना, नाव लागतं. मी त्याला नाक मुरडत नाही. पण ज्या बाईच्या नावे घर होतंय ती त्या दिवशीसुद्धा सही करायलाच नेली जाते, घर बघायला नाही. दोष असलेलं घर मग तिच्या नावावर असतं आणि हप्ताही.

मागच्या वर्षी मी अकोल्याला गेले होते, त्या घरावरून गेले. खालच्या तीन फुटांच्या टाइल्स पडल्या आहेत, भेग दिसते. आत जावं, त्या बाईला सांगावं, असं मनात आलं. फाटकापर्यंत गेले. ती अंगणात होती. तिनं मला ओळखलं नाही, विचारलं, “कोण पाहिजे?” मी म्हणाले, पत्ता चुकला.

आपल्या गटातल्या एका मैत्रिणीनं बडनेऱ्याकडे एक घर पाहिलं आहे. ती एकटी राहते, दोन मुलं आहेत. येत्या रविवारी आम्ही चौघी तिच्याबरोबर जाणार आहोत, पहिल्यांदा दुपारी दोन वाजता. गोटी माझ्याकडे आहे, विजेरी कोणीतरी आणा.