जुनं मॅकबुक हातात आल्यावर

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



मित्र-मैत्रिणींनो, सकाळपासून इथे शिष्यवृत्ती, माहितीचा अधिकार, स्पर्धा परीक्षा असं बरंच बोलून झालं. प्रत्येक वक्त्याच्या तोंडी एक वाक्य होतं, 'अर्ज ऑनलाइन भरायचा आहे.' कशावर भरायचा, ते मात्र कुणी सांगितलं नाही. मोबाइलवर पाच पानांचा अर्ज भरून, पीडीएफचा आकार कमी करून, मुदत संपायच्या रात्री तो पाठवून पाहिलेली मुलं इथे बसलेली आहेत. त्यांना मी काय म्हणतोय ते समजलं असेल. म्हणून माझा विषय छोटा आहे आणि त्यात पेचकस लागतो.

अॅपलचेच जुने लॅपटॉप का, असं तुम्ही विचाराल. ते माझ्याकडे जास्त येतात म्हणून. मुंबई-पुण्यातल्या कंपन्या दर काही वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि जुने बाजारात येतात. दुसरा रस्ता तुम्हाला ठाऊक आहेच. दुबईहून, मस्कतहून सुट्टीवर आलेले मामू आपलं जुनं मॅकबुक भाच्याला देऊन जातात. भाचा दोन दिवस खूश असतो, तिसऱ्या दिवशी ते सुरू होत नाही, आणि मग ते कपाटावर जातं. अशी कपाटावरची मॅकबुकं आपल्या मोहल्ल्यांत किती आहेत, ते एकदा घरोघरी विचारून बघा.

आखाती देशातून आलेल्या मशीनबद्दल दोन गोष्टी आधीच सांगतो. कीबोर्डवर अरबी अक्षरं छापलेली असली तरी काही बिघडत नाही. बटणावर काय छापलंय याच्याशी संगणकाला देणंघेणं नसतं, सेटिंगमध्ये जी भाषा निवडाल तीच उमटते. तिथे देवनागरीही मिळते. आणि चार्जरची ती तीन चौकोनी दांड्यांची पिन आपल्या बोर्डात बसत नाही, म्हणून चार्जर फेकू नका. ते पुढचं टोक सरकवलं की निघतं, भारतीय टोक वेगळं मिळतं, तेवढंच बदलायचं.

आता विकत घेणाऱ्यांसाठी. मॅकबुक एअरच्या खाली बारीक अक्षरांत मॉडेल क्रमांक असतो, ए १४६६. विकणारा म्हणतो, '२०१७चा माल आहे.' क्रमांक बरोबर दिसतो. पण हाच क्रमांक २०१२ पासून २०१७ पर्यंतच्या सगळ्या तेरा इंची एअरवर आहे! म्हणून मशीन सुरू करून वरच्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करा, 'अबाउट धिस मॅक' उघडा, वर्ष तिथे वाचा. फरक किती पडतो बघा. २०१२ची एअर अधिकृतपणे कॅटालिनापर्यंत जाते, २०१३ आणि २०१४ची बिग सरपर्यंत, २०१५ आणि २०१७ची मॉन्टेरेपर्यंत. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून चार जीबीची स्वस्तात मिळाली तरी सोडा, आठ जीबीचीच घ्या.

रॅम वाढवायची असेल तर तेरा इंची मॅकबुक प्रो, २०१२च्या मध्याचं, क्रमांक ए १२७८ बघा. जाड, जड, सीडी ड्राइव्ह असलेलं. आजच्या पोरांना ते म्हातारं वाटतं. पण खालचे दहा साधे स्क्रू काढले की रॅमच्या दोन जागा समोर दिसतात, सोळा जीबीपर्यंत रॅम चालते. जुनी हार्ड डिस्क काढून कुठलीही साधी अडीच इंची एसएसडी बसवता येते. मला विचाराल तर शिकण्यासाठी याच्यासारखं मशीन नाही. त्याचा एक रोग मात्र आहे. सुरू केल्यावर प्रश्नचिन्ह असलेलं फोल्डर लुकलुकतं, दुकानदार म्हणतो डिस्क गेली, आणि नवी डिस्क टाकूनही तेच होतं. अशा वेळी डिस्कला बोर्डाशी जोडणारी चपटी सपाट केबल बदलून बघायची. खूपदा दोष तिचाच असतो.

टाळायचं काय, तेही सांगतो. २०११चं पंधरा इंची प्रो घेऊ नका, त्याच्या ग्राफिक्स चिपमध्ये दोष होता आणि त्यासाठी खुद्द अॅपलला २०१५मध्ये मोफत दुरुस्तीची योजना आणावी लागली होती. २०१६ ते २०१९ या काळातल्या पातळ कीबोर्डच्या प्रोपासूनही लांब राहा. धुळीच्या एका कणाने बटण अडकतं, आणि आपल्या गावांत धूळ किती असते ते सांगायला नको.

पैसे देण्याआधीची सगळ्यात महत्त्वाची तपासणी आता येते. मशीन बंद करा, ऑप्शन बटण दाबून धरा आणि सुरू करा. पडद्यावर कुलुपाचं चित्र आलं तर त्याला फर्मवेअर पासवर्ड आहे. तो मूळ खरेदीचं बिल दाखवल्याशिवाय अधिकृत केंद्रात काढून मिळत नाही. २०१८ पासूनच्या एअर आणि प्रोमध्ये टी २ नावाची चिप आली, नंतरच्या मशीनमध्ये अॅपलची स्वतःची चिप. त्यांवर आधीच्या मालकाच्या खात्याचं कुलूप असू शकतं. डिस्क पुसली तरी ते जात नाही. विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्या खात्यातून बाहेर पडायला लावा. पुसल्यानंतर वायफाय जोडून सुरुवातीची सगळी पायरी पूर्ण करून बघा. मध्येच 'रिमोट मॅनेजमेंट' असा पडदा आला तर ते मशीन अजून कुठल्या तरी कंपनीच्या नोंदीत आहे.

'भाई, कुलूप तोडून देतो' म्हणणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. बिल नाही, कुलूप आहे आणि भाव निम्मा आहे, याचा अर्थ कळण्याइतके तुम्ही मोठे आहात. चोरीचा माल सापडल्यावर पोलीस ठाण्यात कुणाला आधी बसवून ठेवतात, हेही आपल्याला माहीत आहे.

आता दुरुस्तीकडे येतो. एका मुलीचं सांगतो, नाव सांगत नाही. तालुक्याच्या गावची, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. भाईजानने दिलेली एअर सात महिने बंद होती. दुकान घरापासून दहा मिनिटांवर होतं. पण दुकानदार पासवर्ड मागत होता आणि अम्मी म्हणत होत्या, आत बहिणीच्या लग्नाचे फोटो आहेत, द्यायचं नाही. मला अम्मींची भीती अजिबात चुकीची वाटली नाही. मशीन आणलं तेव्हा चार्जरचा दिवा लागत नव्हता. चुंबकाने चिकटतं ते टोक बघितलं, पाचातली एक पिन मळ साचून आत अडकली होती. चार्जर बोर्डातून काढून लाकडी टूथपिकने ती मोकळी केली. मग मशीन बंद ठेवून, चार्जर लावून, डावीकडचे शिफ्ट, कंट्रोल, ऑप्शन आणि त्यांच्यासोबत पॉवरचं बटण असे चारही एकत्र दहा सेकंद दाबून धरले आणि सोडले. याला एसएमसी रीसेट म्हणतात. वीज, बॅटरी, पंखा सांभाळणारा छोटा नियंत्रक त्याने नव्याने सुरू होतो. दिवा लागला. पहिला नारिंगी, म्हणजे चार्ज होतंय. पासवर्ड लागलाच नाही.

मुलींनो, हे लक्षात ठेवा. वीज, बॅटरी, पडदा, कीबोर्ड यांच्या दुरुस्तीला तुमचा पासवर्ड लागत नाही. सुरू करताना डी बटण दाबून धरलं की मॅकची स्वतःची तपासणी चालते, तिला पासवर्ड नको. दुकानदाराला आणखी खात्री करायची असेल तर तो आपल्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करू शकतो. तरीही तो अडून बसला तर लॅपटॉप उचला आणि बाहेर पडा. आणि 'फाइलव्हॉल्ट' नावाची सोय सेटिंगमध्ये चालू करून ठेवा. मग बंद मशीनमधून कुणी डिस्क काढून नेली तरी आतलं काही वाचता येत नाही. त्याची चावी मात्र कागदावर लिहून घरात जपून ठेवा, पासवर्ड विसरलात आणि तीही हरवली तर तुम्हालाही काही मिळणार नाही.

बॅटरी. ऑप्शन दाबून सफरचंदावर क्लिक केलं की 'सिस्टिम इन्फर्मेशन' दिसतं. त्यात पॉवरखाली 'सायकल काउंट' बघा. या पिढीच्या बॅटऱ्या हजार सायकलींपर्यंत धरलेल्या आहेत. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवू असं काही जण म्हणतात. चालतं, पण तेव्हा मॅक मुद्दाम प्रोसेसरचा वेग खूप खाली आणतो. 'मशीन रडतंय' अशी तक्रार येते त्यातल्या काहींचं कारण हेच असतं. आणि ट्रॅकपॅड दाबला जात नसेल, वर आल्यासारखा वाटत असेल, तर खाली बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा. टोचू नका, दाबू नका, स्वतः उचकटू नका.

बराच काळ पडून राहिलेल्या मॅकची एक गंमत आहे. बॅटरी पूर्ण उतरली की त्याची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग ऑप्शन, कमांड आणि आर दाबून इंटरनेटवरून प्रणाली नव्याने टाकायला गेलात की ते काही तरी भलतंच कारण देऊन नकार देतं. खरं कारण एवढंच, की सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत तपासताना त्याला आज कोणता दिवस आहे तेच माहीत नसतं. मेनूतून टर्मिनल उघडा, डेट हा शब्द इंग्रजीत लिहा, जागा सोडा आणि महिना, दिवस, तास, मिनिट, वर्ष यांचे दोन-दोन आकडे सलग लिहा. १५ जून २०२५, सकाळचे साडेदहा असतील तर ०६१५१०३०२५, अर्थात इंग्रजी आकड्यांत. एंटर दाबा, टर्मिनल बंद करा, पुन्हा प्रयत्न करा.

प्रणाली कोणती ठेवायची, यावर आपल्यात वाद होऊ शकतो. मॉन्टेरेलाही २०२४ नंतर सुरक्षा अपडेट आलेली नाहीत. ओपनकोअर लेगसी पॅचर वापरून जुन्या मॅकवर नवी प्रणाली चालवता येते, ते काम हुशारीचं आहे यात शंका नाही. पण एखाद्या अपडेटनंतर वायफाय किंवा ग्राफिक्सचे पॅच पुन्हा बसवावे लागतात. ज्याच्या घरात एकच लॅपटॉप आहे आणि उद्या परीक्षा आहे, त्याला मी ते देत नाही. त्याला मी लिनक्स मिंट टाकून देतो. मिंट २२ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, पैसे लागत नाहीत, मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येतं. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते उतरवायचं, ऑप्शन दाबून सुरू करायचं, पिवळ्या चित्रातला 'ईएफआय बूट' निवडायचा. वायफाय पहिल्यांदा बहुतेक दिसणार नाही, कारण ब्रॉडकॉमच्या चिपला वेगळा ड्रायव्हर लागतो. अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट द्या, मग 'ड्रायव्हर मॅनेजर' तो ड्रायव्हर आणून बसवतो.

एक अडचण मात्र मुलाखतीच्या दिवशी कळते, म्हणून आजच सांगतो. २०१३ पासूनच्या एअरचा कॅमेरा लिनक्समध्ये आपोआप चालत नाही, त्याचा ड्रायव्हर स्वतः बसवावा लागतो. नाही जमलं तर साधा यूएसबी कॅमेरा लावा. काही ऑनलाइन परीक्षांची देखरेखीची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतच नाहीत. ज्यांना अशी परीक्षा द्यायची आहे त्यांनी आधी परीक्षेच्या सूचना वाचाव्यात आणि मगच मॅकओएस पुसावं.

देणाऱ्यांनाही चार शब्द. आपल्या केंद्राला लोक लॅपटॉप देतात, अल्लाह त्यांना बरकत देवो. पण चार्जर नसलेलं, स्वतःचा पासवर्ड तसाच ठेवलेलं, पडदा फुटलेलं मशीन रमजानात आणून ठेवायचं आणि सदका झाला म्हणायचं, हे मला पटत नाही. जे आपण घेतलं नसतं ते दुसऱ्याला देऊ नये, असं घरोघरी शिकवलं जातं. देण्याआधी खात्यातून बाहेर पडा, फाइलव्हॉल्ट चालू करा, ते पूर्ण झाल्यावर डिस्क पुसा, आणि चार्जर सोबत द्या.

आणि जे खरंच मेलं आहे ते भंगारवाल्याला देऊ नका. ते कुठे जातं ते मला माहीत आहे. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये हातांनी फोडलं जातं, मुरादाबादला तांबं-सोनं काढायला बोर्ड जाळले जातात. त्या धुरात उभी असलेली माणसं बरीचशी आपल्याच समाजातली, आपल्यासारख्याच गल्ल्यांतली आहेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्वापर करणारे आहेत, त्यांच्याकडेच द्या. त्याआधी रॅम, डिस्क, स्क्रू, चार्जरचं टोक काढून ठेवा. एका मेलेल्या ए १२७८ मधून दुसरं उभं राहतं.

चहानंतर मागच्या खोलीत दोन टेबलं लावली आहेत. एअरसाठीचा पाच पाकळ्यांचा पेचकस एकच आहे, तेव्हा रांग लावा. मुलींनी आधी यावं, कारण शेवटची एसटी साडेपाचला आहे. काढलेले स्क्रू कागदावर जिथले तिथे चिकटवून ठेवा, एअरमध्ये मागचे दोन लांब असतात. आणि ज्यांचा ट्रॅकपॅड वर आलेला दिसतोय त्यांनी रांगेत थांबू नये, सरळ माझ्याकडे यावं.