फील्डवर्कचा अहवाल कोण वाचतं?



निकाल लागले की आमच्या विभागात पालकांची ये-जा सुरू होते. बी.एस.डब्ल्यू.ची, एम.एस.डब्ल्यू.ची माहिती ते नीट ऐकून घेतात, फी विचारतात, वसतिगृहाचं विचारतात, आणि उठता उठता एखादे काका म्हणतातच, "मॅडम, राग येणार नसेल तर विचारतो. समाजसेवेला डिग्री कशाला लागते?"

राग कसला? काकांचं काही चुकत नाही. गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला तो कुठला अभ्यासक्रम पुरा करून नव्हे. बाबा आमटे शिकले वकिली आणि उभं केलं आनंदवन. रमाबाई रानडे यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू केलं, तेव्हा या देशात समाजकार्याचं एकही महाविद्यालय नव्हतं. आपल्याकडे हे काम एक तर त्यागाच्या खात्यात जमा होतं, नाही तर लष्करच्या भाकऱ्यांच्या. त्याला पगार असतो, परीक्षा असते, त्यात नापासही होता येतं, हे ऐकून माणसं जरा दचकतात.

हे शिक्षण आपल्याकडे सुरू झालं मुंबईत, नागपाड्यात. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे एक अमेरिकन मिशनरी तिथे 'नेबरहुड हाउस' चालवत होते. भोवती चाळी, मजुरांची दाटी, शेजारी कामाठीपुरा. अशा वस्तीत काम करायला तयार असलेली माणसं मिळायची. तयार केलेली मिळत नव्हती. 1936 मध्ये टाटा ट्रस्टच्या पैशावर तिथेच 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' निघालं आणि मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आज देवनारला असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था, आपण जिला 'टिस' म्हणतो, ती हीच. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, नागपुरात मातृ सेवा संघाचं महाविद्यालय अशी ती वाट रुंदावत गेली.

वर्गात काय शिकवतात ते सांगत बसत नाही. समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदे, संशोधन पद्धती. त्याची पुस्तकं मिळतात. खरं शिक्षण होतं ते आठवड्यातल्या त्या दोन दिवसांत, ज्यांना मुलं नुसतं 'फील्ड' म्हणतात. कुणाला सरकारी दवाखाना मिळतो, कुणाला बालगृह, कुणाला झोपडपट्टी, कुणाला एखादं गाव. परत आल्यावर त्या दिवसाचा अहवाल लिहायचा आणि ठरलेल्या वेळी तो घेऊन शिक्षकासमोर एकट्याने बसायचं. या बैठकीला मुलं 'आयसी' म्हणतात, आणि विद्यापीठाच्या परीक्षेपेक्षा तिला जास्त घाबरतात.

का, ते सांगते. समजा, दवाखान्यात नेमलेल्या मुलाने लिहिलं: क्षयरोगाचा पेशंट. निष्काळजी. गोळ्या मध्येच सोडल्या. औषधाचं महत्त्व पटवून दिलं. अक्षर सुबक, काम झालेलं. शिक्षक 'निष्काळजी'खाली रेघ ओढतात. हे त्यांनी तुला सांगितलं, की तू ठरवलंस? गोळ्या नेमक्या कधी सुटल्या? तेव्हा ते होते कुठे? मुलगा पुन्हा जातो, या वेळी बसून ऐकतो. मग कळतं की माणूस ऊसतोडीला गेला होता. फडापासून दवाखाना लांब. एक खाडा झाला की मुकादम उचलीच्या हिशेबात पैसे धरणार. आहारासाठी सरकार क्षयरोग्याच्या खात्यात महिन्याला 1,000 रुपये घालतं, पण ह्यांचं खातं गावाकडच्या शाखेत, केवायसीअभावी बंद पडलेलं. आता यातला निष्काळजीपणा किती उरला? आणि करायचं कामही बदललं. महत्त्व पटवण्याची गरजच नव्हती, ते त्यांना खोकल्याने केव्हाच पटवलं होतं. उपचार कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात वर्ग करून घ्यायचे, बँकेच्या खिडकीशी उभं राहायचं, मुकादमाशी बोलायचं.

चांगल्या मनाच्या मुलांना मदतीची फार घाई असते. ती घाई मोडायलाच आमची दोन वर्षं जातात. काहींची मोडत नाही. ती मुलं पुढे भाषणं छान करतात.

हे विचारणं आणि लिहिणं किती लांब पोचू शकतं, ते बिहारमध्ये दिसलं. तिथल्या समाजकल्याण विभागाने टिसच्या 'कोशिश' या प्रकल्पाला राज्यातल्या 110 निवासी संस्थांचं सामाजिक अंकेक्षण करायला सांगितलं. मुझफ्फरपूरचं बालिकागृह त्यातलंच एक. अधिकाऱ्यांच्या भेटी तिथे आधीही होत होत्या, आणि कागदावर सारं ठीक होतं. या गटाकडे वॉरंट नव्हतं, छुपा कॅमेरा नव्हता. ते मुलींशी बोलले, आणि जे ऐकलं ते अहवालात लिहिलं. 2018 साली तो अहवाल सरकारकडे गेला. मुलींवर तिथे लैंगिक अत्याचार होत असल्याचं त्यातून बाहेर आलं. गुन्हा नोंदला गेला, तपास सीबीआयकडे गेला, आणि 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने 19 जणांना दोषी ठरवलं. संस्थाचालकाला जन्मठेप झाली. जिल्ह्यात बालसंरक्षणाची जबाबदारी ज्यांच्याकडे होती, त्यांच्यापैकीही काही जण त्या दोषींत होते. म्हणजे मुलींना भेटायचा अधिकार ज्यांना होता, तेच गप्प राहिले होते. अशा घरात, इतक्या घाबरलेल्या मुलींना काय विचारायचं, कुणासमोर विचारायचं नाही आणि किती वेळ नुसतं बसून राहायचं, हे कळवळ्याने येत नाही. ते शिकावं लागतं.

आता नोकरीचं, कारण ते विचारल्याशिवाय काका जात नाहीत. 1948 च्या कारखाने कायद्याने 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं, आणि एम.एस.डब्ल्यू. झालेली कितीतरी मुलं त्या वाटेने कंपन्यांत गेली. आज दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षक असतात, परिविक्षा अधिकारी असतात, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण अधिकारी आले. स्वयंसेवी संस्था आहेत, कंपन्यांचे सीएसआर विभाग आहेत. पण बऱ्याच जागा कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या हक्कांसाठी भांडणारी आमची मुलगी स्वतःच्या मुदतवाढीच्या पत्रासाठी हेलपाटे घालते. हे मी प्रवेशाआधीच सांगते. नंतर कळण्यापेक्षा बरं.

तरीही यायचंच असेल, तर कॉलेजची इमारत आणि माहितीपत्रकातले फोटो बाजूला ठेवा. एका शिक्षकाकडे फील्डवर्कची किती मुलं आहेत ते विचारा. अहवाल दर आठवड्याला वाचला जातो, की वर्षअखेरीस गठ्ठ्यावर एकदम सह्या होतात? तो मुलांना त्यांच्या मराठीत लिहू देतात का? कारण पारावर बसलेल्या आजी जे बोलल्या ते अर्ध्याकच्च्या इंग्रजीत उतरवलं, की त्यातून आजी निघून जातात आणि 'समस्या' तेवढी उरते.

आणि जमलं तर एखाद्या जुन्या विद्यार्थ्याची वही बघायला मागा. समासात प्रश्नच प्रश्न, पानोपानी लाल रेघा दिसल्या तर पोरीचं नाव खुशाल घाला. पण वही दाखवताना लोकांची नावं झाकून दाखवतात का, तेही बघा. उघडी दाखवली तर आलात तसे परत जा.