पडलेल्या माणसापर्यंतची वाट



मी डॉक्टर नव्हे. चौतीस वर्षें मुलांना अंकगणित आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेला मी एक मॅट्रिक मास्तर. तेव्हां जाहीर समारंभांतील वैद्यकीय व्यवस्थेविषयीं बोलण्याचा मला अधिकार काय, असें आपणांपैकीं कोणी विचारील. अधिकार एवढाच कीं, अशा एका समारंभाचा नकाशा मीं स्वतः काढला होता आणि तो चुकला होता.

आमच्या शाळेच्या वार्षिक क्रीडासमारंभाची ही गोष्ट. भूगोलाचा शिक्षक म्हणून मैदानाची आंखणी मजकडे आली व मीं ती मोठ्या हौसेनें केली. व्यासपीठ कोठें, पाहुण्यांच्या खुर्च्या कोठें, पालकांनीं कोठें बसावें, लेझीमचीं पथकें कोणत्या बाजूनें यावींत, सारें प्रमाणांत काढून रंगविलें. पालकांची झुंबड आंत शिरूं नये म्हणून चोहोंकडे बांबूंचे कठडे बांधविले आणि मोठें फाटक प्रमुख पाहुण्यांच्या मोटारीसाठीं राखून ठेवलें.

नातीचें लेझीम पाहण्यास आलेले एक वृद्ध गृहस्थ भाषण चालूं असतां खुर्चीवरून खालीं कोसळले. समारंभाला डॉक्टर होते. पण ते व्यासपीठावर, गळ्यांत हार घालून. पाहुण्यांचें भाषण मध्येंच थांबवावें कसें, या संकोचांत निरोप त्यांच्यापर्यंत पोहोंचावयास पांच मिनिटें गेलीं. त्यांची पेटी त्यांच्या गाडींत आणि ती गाडी इतर गाड्यांच्या मागें. रुग्णवाहिकाही आली; ती फाटकांत पाहुण्यांच्या मोटारीमागें अडली, आणि मोटारीचा चालक चहाला गेलेला. मग कठडा सोडून वाट करावी म्हटलें, तर काथ्याच्या गांठी कापावयास कोणापाशीं साधी सुरी नाहीं. कोसळल्यापासून रुग्णवाहिकेंत ठेवीपर्यंत अठरा मिनिटें लागलीं. ते गृहस्थ वांचले नाहींत. डॉक्टरांनीं मागाहून मला सांगितलें कीं, लवकर हालचाल झाली असती तरी कदाचित् उपयोग झाला नसता. त्या ‘कदाचित्’ शब्दाशीं माझा झगडा अजून संपलेला नाहीं.

हृदयक्रिया थांबलेल्या माणसाची छाती दाबण्यास कोणी आरंभ केला नाहीं, तर त्याच्या वांचण्याची शक्यता दर मिनिटास सुमारें ७ ते १० टक्क्यांनीं घटते, असें वैद्यकशास्त्र सांगतें. अंकगणिताच्या मास्तराला यांतील पांच मिनिटांचा आणि अठरा मिनिटांचा हिशेब करावयास पाटी लागत नाहीं.

डॉक्टर होते, औषध होतें, वाहनही होतें; नव्हती ती वाट. समारंभाच्या यादींत ‘डॉक्टर १, रुग्णवाहिका १’ असें लिहून त्यापुढें खूण केली, कीं चिटणीस निश्चिंत होतात. मीही झालों होतों. परंतु ही चूक आमच्यासारख्या गांवढ्या लोकांचीच असते असें नव्हे. इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं, हिल्सबरो येथील क्रीडांगणावर १५ एप्रिल १९८९ रोजीं फुटबॉलच्या सामन्याच्या वेळीं चेंगराचेंगरी होऊन अखेर ९७ माणसें दगावलीं. क्रीडांगणाबाहेर चाळीसांहून अधिक रुग्णवाहिका जमल्या होत्या. प्रत्यक्ष मैदानावर पोहोंचल्या त्या दोन-तीन. प्रेक्षकांनीं जाहिरातींच्या फळ्या उखडून त्यांच्याच डोल्या केल्या आणि जखमींना वाहून नेलें. एवढें संपन्न राष्ट्र, पण वाहनें भिंतीच्या एका बाजूस आणि माणसें दुसऱ्या बाजूस!

आपल्याकडे मांढरदेवीच्या डोंगरावर २५ जानेवारी २००५ रोजीं, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेंत, जवळजवळ तीनशें भाविक गेले. अरुंद पायऱ्या, फोडलेल्या नारळांच्या पाण्यानें निसरडी झालेली फरशी, मागून रेटणारा जमाव आणि मग आग. अशा वेळीं माणसें पायांखालीं तुडविलीं जाऊनच मरतात असा आपला समज असतो. वस्तुतः पुष्कळदां तीं उभ्याउभ्याच गुदमरतात. एका चौरस मीटरांत पांचाहून अधिक माणसें दाटलीं कीं धक्का एकाचा राहत नाहीं, तो लाटेसारखा सर्वांतून जातो. आणि छाती चेपली गेली कीं श्वास घेतां येत नाहीं. तेथें डॉक्टर पोहोंचविण्याची वाट मागाहून काढतां येतच नाहीं. ती आधींच मोकळी ठेवलेली असली पाहिजे, आणि तिच्यावर दुकान, पादत्राणांचा ढीग किंवा कोणाची मोटार असतां कामा नये.

उन्हाच्या बाबतींत मात्र ही वाट उलटी चालते. खारघर येथें १६ एप्रिल २०२३ रोजीं महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा समारंभ उघड्या मैदानावर झाला. दुपारपर्यंत उन्हांत बसलेल्यांपैकीं १४ माणसें उष्माघातानें दगावलीं. उष्माघातांत शरीराचें तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातें, माणूस बरळूं लागतो, त्याची शुद्ध हरपते. समुद्राजवळच्या दमट हवेंत घाम वाळत नाहीं, म्हणून तेथें पारा फार न चढतांही घात होतो. अशा रोग्याला आधीं थंड करावें आणि मग हलवावें, हा नियम आहे. पहिल्या अर्ध्या तासांत त्याचें अंग निवविलें पाहिजे. म्हणजे येथें रोग्यानें उपचाराकडे जावयाचें नसून उपचारानें रोग्याकडे यावयाचें असतें : सांवली, अंगावर ओतावयास पाणी, वारा, मानेस व काखांत बर्फ. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालूं नये. कांदा हुंगविण्याची आपली जुनी आवड येथें निरुपयोगी आहे. (फेफऱ्यास चप्पल हुंगविणारे तर माझ्या शिक्षकबंधूंतही निघाले आहेत!)

डॉक्टर आणि वाट एवढ्यानेंही काम भागत नाहीं. रोगी नेमका कोठें आहे, हेंही सांगतां आलें पाहिजे. महाराष्ट्रांत २०१४ सालापासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतां येते. परंतु दहा हजारांच्या जमावांतून दूरध्वनि करणारा काय सांगतो? ‘मंडपाजवळ या!’ मंडप तर दोनशें पावलें लांब असतो. याचा तोडगा मला वारींत सांपडला. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीपुढें २७ दिंड्या चालतात, बाकीच्या रथामागें. आणि प्रत्येक दिंडीस क्रमांक असतो. शिस्तीसाठीं घालून दिलेली ही रीत, पण तिच्यामुळें लाखोंच्या मेळ्यांतही माणसाला पत्ता राहतो. ‘रथामागें अमुक क्रमांकाची दिंडी’ म्हटलें कीं शोधणाऱ्याचे पाय नेमके तिकडे वळतात. आपल्या मैदानांतील खांबांवर चुन्यानें ठळक आंकडे घालावयास कितीसा खर्च येतो? ‘चौदाव्या खांबापाशीं’ एवढे दोन शब्द पुरेत.

घरोघरीं हें ऐकणाऱ्या आपणांपैकीं बहुतेकजण कोणत्या ना कोणत्या मंडळाच्या, सोसायटीच्या किंवा संमेलनाच्या समितीवर असतील. आपण नियोजनाच्या सभेंत हाराफुलांचा ठराव होण्यापूर्वीं शेवटच्या रांगेंतील मधल्या खुर्चीवर बोट ठेवून विचारावें : येथें माणूस कोसळला तर प्रथम कोणाला कळेल, डॉक्टर किती मिनिटांत येईल, आणि त्याला कोणत्या बाजूनें बाहेर काढाल? येणारे लोक वृद्ध किती, मुलें किती, ऊन केव्हां डोक्यावर येतें, जवळच्या रुग्णालयाला आगाऊ कळविलें आहे काय, हे प्रश्न त्यापाठोपाठ आपोआप येतात. स्वयंसेवकांना छाती दाबण्याचें शिक्षण द्यावें. मिनिटास १०० ते १२० वेळां, पांच-सहा सेंटिमीटर खोल. लेझीमचा ठेका धरणाऱ्या मुलांना ही लय एका दुपारींत येते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. आणि डॉक्टरांना हार अवश्य घालावा, पण त्यांस व्यासपीठावर बसवूं नये.

पुढच्या वर्षीं आंखणी पुन्हा मजकडेच आली. मीं नको म्हटलें होतें. मुख्याध्यापकांनीं ऐकलें नाहीं. या खेपेस कोऱ्या कागदावर पहिली रेघ काढली ती फाटकापासून मैदानाच्या मध्यापर्यंत, बारा फूट रुंद. मैदानावर ती फक्कीनें आंखली आणि कठड्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक विळा टांगला. समारंभाच्या दिवशीं पाहुण्यांची मोटार आली ती नेमकी त्या पट्ट्यावर येऊन उभी राहिली. मीं चालकाला ती हलविण्यास सांगितलें. स्वागताध्यक्षांना तें आवडलें नाहीं. मास्तर, पाहुण्यांपुढें हें काय, असें ते मला बाजूस घेऊन म्हणाले. मी पट्ट्यावरच उभा राहिलों. दोन-तीन मिनिटांनीं मोटार मागें गेली.