शर्यतीची जुनी मोटार घेताना

श्रोतेहो, बैल घेताना आपण दात पाहतो, शिंगांचा रंग नव्हे. जर्मनीतल्या पोर्श कारखान्याने शर्यतीसाठीच बांधलेली '९११ जीटी३ कप' मोटार जुनी घेणाऱ्यानेही तसेच करावे. हिचे वय मैलांवर नाही, इंजिन आणि गिअरबॉक्स किती तास चालले यावर ठरते. ठराविक तासांनी ते उघडून नवे करावेच लागतात, आणि तो खर्च भारी असतो, बरं का! म्हणून आधी तासांची नोंदवही मागावी. ती नसेल तर हा खर्च किमतीतून वजा धरावा. चालकाला बांधणाऱ्या पट्ट्यांवरची तारीख वाचावी. त्यांची मुदत ५ वर्षांची. न वापरताही संपते. आणि आतला पोलादी पिंजरा हात फिरवून पाहावा. तिथे नवे सांधे, ताजा रंग दिसला, की विचारावे, गाडी कुठे आदळली होती?