घर लहान झाले, समाजाने मोठे व्हावे
(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



पन्नास वर्षांचा आढावा घेताना आपण वास्तू, देणग्या आणि उपक्रम मोजले. आज थोडी माणसेही मोजू या. २००१ ते २०११ या दशकात देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली, जैनांची अवघी ५.४ टक्क्यांनी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपला एकूण जननदर १.६ आढळला. एका पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढण्यास तो २.१ असावा लागतो.

यात नवल नाही. त्याच सर्वेक्षणात शहरी भारताचा जननदरही १.६ च होता आणि २०११ मध्ये आपल्यापैकी सुमारे ८० टक्के लोक शहरवासी होते. मुलींचे शिक्षण वाढले, विवाहाचे वय पुढे गेले, दोन खोल्यांचे घर आणि शाळेचे शुल्क आवाक्याबाहेर गेले. अशा वेळी व्यासपीठावरून सुनांना अधिक अपत्यांचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. तो निर्णय पती-पत्नींचा आहे.

मात्र एका आकड्यापुढे आपण मान खाली घातली पाहिजे. २००१ मध्ये शून्य ते सहा वर्षे वयोगटात हजार मुलग्यांमागे आपल्याकडे केवळ ८७० मुली होत्या. २०११ मध्ये ८८९. निसर्ग एवढा भेद करीत नाही. मुंगीलाही जपणाऱ्या समाजात या मुली कोठे गेल्या? मुलांसाठी वधू मिळत नाहीत, अशी तक्रार आज घरोघरी ऐकू येते. तिचे उत्तर या आकड्यात आहे. कुटुंब लहान असणे हा दोष नव्हे. त्या लहान कुटुंबात मुलीला जागा नसणे हा दोष आहे.

१८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने खेड्यांतील मुलांसाठी वसतिगृहे उभारली, कारण ती त्या काळाची गरज होती. आजची गरज वेगळी आहे. नोकरी करणाऱ्या मातांसाठी पाळणाघर हवे. एकुलते एक अपत्य परगावी असलेल्या वृद्धांची विचारपूस करणारे तरुण हवेत. आपल्या ट्रस्टने सुवर्णमहोत्सवी वर्षात या दोन कामांचा संकल्प करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

पूर्वी काका, मामा, आत्या, मावशी घरातच असत. यापुढे ती नाती समाजाला निभवावी लागतील.

जयजिनेंद्र!